गाडीवरचा मजूर कोणाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता लागू केल्या. तेव्हापासून इंग्लंडहून जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला घरी फोन केला की पाऊसपाणी आणि केळीचे भाव आटोपल्यावर बोलणे हटकून याच विषयावर येते. माझे चुलत बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, भागीदार आहेत. त्यांचे म्हणणे ठरलेले आहे: बारा तासांनी काही बिघडत नाही, अपघात होतात ते मजुराच्या निष्काळजीपणामुळे. "बूट दिले तर घालत नाही, तोंडाला फडके बांध म्हटले तर बांधत नाही. आपण किती सांगायचं रे भो?" मी उत्तर देऊ लागलो की पुढचे वाक्यही ठरलेले असते. तुमच्या इंग्लंडला असले लाड परवडतात, आम्हाला नाही.

दादा मनाने कोरडे नाहीत. मजुरांच्या घरच्या आजारपणाला आणि लग्नकार्याला त्यांचा हात सढळ असतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. म्हणूनच हा युक्तिवाद मला जास्त लागतो. उलट्या काळजाच्या माणसाने तो केला असता तर सोडून देता आला असता, पण आमच्याकडची भली, मजुराला घरच्या ओसरीवर चहा देणारी माणसे तो करतात आणि त्यात काही चुकीचे आहे असे त्यांना वाटत नाही.

निष्काळजीपणाच्या मुद्द्याचे उत्तर शोधायला इंग्लंडपर्यंत येण्याचीही गरज नाही. आपला कामगार भरपाईचा जुना कायदा १९२३ सालचा. कामगार दारूच्या अमलाखाली होता किंवा त्याने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून बाजूला सारले, असे दाखवून मालक दुखापतीची भरपाई नाकारू शकतो. परंतु त्याच दुखापतीने माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही सबब त्या कायद्याने मालकाला ठेवलेली नाही. कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुराची भरपाईही मूळ मालकाकडे मागता येते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे ज्या प्रश्नावर दादा आणि मी दर रविवारी आवाज चढवतो, तो कायद्याने केव्हाच निकालात काढलेला आहे. मेलेल्या माणसाची चूक मोजत बसायचे नाही, त्याच्या घराला भरपाई द्यायची. मजूर निष्काळजी होता हे वाक्य तरीही प्रत्येक अपघातानंतर सर्वात आधी उच्चारले जाते, आणि बहुतेक वेळा ते पुरतेही, कारण त्या घरातले कोणी भरपाईच्या अर्जापर्यंत पोहोचतच नाही.

मी मिडलँड्समधल्या एका अन्न-पॅकिंगच्या कारखान्यात देखभालीचे काम करतो. पट्ट्यात काही अडकले की आधी आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करायचा, त्याच्या दांड्यातून आपले लाल कुलूप घालायचे, कुलपाला आपले नाव आणि फोटो असलेले टॅग लावायचे आणि किल्ली खिशात ठेवायची. त्यानंतर चालू करण्याचे बटण एकदा दाबून यंत्र खरोखर निर्जीव आहे ना, हे पाहायचे. चौघे काम करणार असतील तर त्याच दांड्याला चार कुलपे लागतात आणि शेवटचा माणूस आपले कुलूप काढेपर्यंत ते यंत्र मॅनेजरलाही चालू करता येत नाही. मी काळजीपूर्वक वागतो की नाही, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. मी थकलेला असेन, पहाटेचे चार वाजले असतील, माझे लक्ष घरच्या काळजीत गुंतलेले असेल, हे सगळे गृहीत धरून ती पद्धत बसवलेली आहे. आमच्याकडच्या जुन्या जिनांत मी पाहिलेले दृश्य याच्या नेमके उलटे होते. कपाशीचा गुंता रोलरपाशी तुंबला की कपाशी सोडणारी बाई पदर खोचून चालत्या रोलरजवळ हात घाली, कारण जिन थांबला तर उतारा घटतो आणि उतारा घटला तर बोलणी तिला बसतात. पट्ट्याला जाळी आहे की नाही हे तिच्या हातात नव्हते, यंत्र थांबवण्याचा अधिकारही तिच्याकडे नव्हता. तिच्याकडे होती फक्त काळजी घेण्याची जबाबदारी. तसली कुलपे जळगावच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतील. त्यांना लाड म्हणणे मला पटत नाही. शिवाय त्या बाईची पाळी नऊ तासांऐवजी बारा तासांची केली तर शेवटच्या तीन तासांत तिचा हात कुठे जाईल, याचा विचार दादांनी केला पाहिजे असे मला वाटते.

ब्रिटनमध्ये १९७४ साली कामावर ६५१ कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी कामाच्या जागेतील आरोग्य आणि सुरक्षेचा कायदा झाला, आणि २०२४-२५ मध्ये स्वयंरोजगारी धरूनही हा आकडा १२४ होता. भारतात २०१७ ते २०२० या काळात केवळ नोंदणीकृत कारखान्यांतच दरवर्षी सरासरी अकराशेहून अधिक कामगार दगावले. हे आकडे दादांना ऐकवताना मला बरे वाटते. लोकसंख्येतला फरक मी त्या वेळी सांगत नाही. ब्रिटनमधल्या खाणी आणि पोलादाचे कारखाने दरम्यान बंद पडले आणि तसली धोक्याची पुष्कळशी कामे आपल्यासारख्या देशांकडे गेली, हेही सांगत नाही. त्या १२४ मध्ये कामानिमित्त रस्त्यावर झालेले मृत्यू धरलेले नाहीत आणि ॲस्बेस्टॉसने होणाऱ्या कर्करोगाने आजही दरवर्षी दगावणारी दोन हजारांवर माणसेही त्यात नाहीत. मात्र उलटा प्रसंग आला की मला हे सगळे आठवते. जून २०२५ मध्ये तेलंगणातील पाशमैलारमच्या औषध कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार गेले, तेव्हा इथल्या एका सहकाऱ्याने तुमच्याकडे जीव स्वस्त असतो असे सहज म्हटले. मी त्याला लगेच १९८८ साली ब्रिटनच्या पायपर अल्फा तेल-मंचावर दगावलेली १६७ माणसे सांगितली, लेस्टरच्या शिलाईखोल्यांत किमान वेतनाच्या निम्म्यावर राबणाऱ्या आमच्या उपखंडातल्या बायका सांगितल्या. त्याच आठवड्यात फोनवर मी दादांना शिरपूरजवळच्या वाघाडीचे उदाहरण देत होतो, जिथे ऑगस्ट २०१९ मध्ये रासायनिक कारखान्यातील स्फोटाने किमान तेरा जणांचा बळी घेतला. दोन्हीकडे मी खरेच बोललो. पण ज्याच्याशी बोलतो त्याच्याविरुद्ध बोलणे, एवढीच आता माझी जागा उरली आहे की काय, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

वाघाडीला निदान कारखाना होता. त्याला दार होते, पंचनामा करायला एक जागा होती. आमच्या भागात माणसे मरतात त्यातल्या पुष्कळ जागांना दारच नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला आणि पपयांच्या ढिगावर बसून घराकडे निघालेले पंधरा मजूर त्याखाली सापडून गेले. ते आभोडा, केऱ्हाळा, रावेर या आमच्याच पट्ट्यातले होते, त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांनी दिवसभर माल भरला होता, आणि परत जाण्यासाठी त्यांना दुसरे वाहन कोणी दिले नव्हते. मदत जाहीर झाली, पुढाऱ्यांनी शोक व्यक्त केला. परंतु ती घटना रस्ते अपघात म्हणून नोंदली गेली. कामावरचा मृत्यू असे तिला कोणी म्हणाले नाही, कारण ती माणसे कोणाच्या कामावर होती हे सांगणारा कागदच नव्हता. बागायतदार म्हणणार, मी माल व्यापाऱ्याला विकला. व्यापारी म्हणणार, टोळी मुकादमाची. मुकादमाने बोलावे तर कोणाला, तो स्वतःच गाडीवर बसलेला असतो.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम्बच्या उपसागरात फेब्रुवारी २००४ च्या एका रात्री असेच झाले होते. वाळूतले शिंपले वेचणारे किमान एकवीस चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. तेही टोळीचे मजूर होते, तेही बोटावर मोजण्याइतक्या लोकांना ठाऊक होते, आणि वेचलेल्या शिंपल्यांचा पैसा मात्र वरपर्यंत जात होता. त्याच वर्षी इथल्या संसदेने शेती आणि शिंपले-वेचणीसाठी मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. परवाना देताना मजुरांना कसल्या वाहनातून नेले-आणले जाते, हेही पाहिले जाते. बिनपरवाना मुकादमाकडून माणसे घेणाराही गुन्हेगार ठरतो, आणि माझ्या मते त्या कायद्यातला खरा जोर इथे आहे, कारण त्याने बागायतदार आणि व्यापारी या दोघांनाही मुकादमाच्या आड उभे राहता येत नाही. शोषण त्याने थांबलेले नाही. आमच्याच कारखान्यात एजन्सीकडून आलेली माणसे बोट कापले तरी चिंधी गुंडाळून काम रेटतात, कारण नोंद केली तर पुढच्या आठवड्यात पाळी मिळणार नाही अशी त्यांना भीती असते. पण माणूस कोणाचा, याचे उत्तर तिथे कागदावर असते.

दादा इथे मला अडवतात आणि म्हणतात, पाहा, शेवटी इंग्लंडचाच कायदा आणलास. तेव्हा मला अभिमानाने सांगावेसे वाटते की या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा आपला कायदा १९६९ सालचा आहे, म्हणजे ब्रिटनच्या सुरक्षा कायद्याच्या पाच वर्षे आधीचा आणि त्यांच्या मुकादम परवान्याच्या पस्तीस वर्षे आधीचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून तो आला. आज या दुकानात तर उद्या त्या गोदामात पाठीवर पोते वाहणाऱ्या, ज्याला कायमचा एक मालक नाही अशा माणसाची मंडळाकडे नोंद करायची, ज्या ज्या मालकाने त्याच्याकडून काम घेतले त्याच्याकडून मजुरीसोबत लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, घ्यायची, आणि त्यातून त्याची रजा, भविष्यनिर्वाह आणि अपघाताची भरपाई द्यायची, अशी ती रचना आहे. इंग्लंडमध्ये मी हे कोणाला समजावून सांगतो तेव्हा समोरच्याला ते खरे वाटत नाही. अशी कल्पना सुचलेल्या राज्यात पपईच्या ढिगावर बसून मजूर घरी जातो, याचे मला जे वाटते ते नुसत्या रागाने सांगता येणारे नाही.

आता माझ्या घराविषयी. माझे वडील केळी लावत. कटाईच्या दिवशी टोळी पहाटे येई. घड खांद्यावर घेऊन वाफ्यांतून बांधापर्यंत यायचे, तिथून गाडीत रचायचे. चीक अंगावर ओघळून कपडे काळे पडत आणि ते डाग पुन्हा निघत नसत. वडिलांची हिशेबाची एक वही होती. तिच्यात खते, पाण्याची पाळी, व्यापारी, गाडीचा नंबर, वजन, भाव हे सगळे तारीखवार लिहिलेले आहे. टोळीची नोंद मात्र प्रत्येक वेळी एकाच पद्धतीची आहे: मुकादमाचे नाव आणि त्यापुढे माणसांचा आकडा. त्या केळीच्या पैशावर मी जळगावला इंजिनिअर झालो आणि तिथून इथे आलो. कुलपाच्या टॅगवर माझे नाव आणि फोटो आहे. आमच्या बांधावर वर्षानुवर्षे घड वाहणाऱ्यांपैकी एकाचेही पूर्ण नाव मला सांगता येत नाही. रावेरच्या माणसांशी भांडताना मी आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दात ती टोळी येते का, हे मला स्वतःला विचारावे लागते. बहुधा ती येत नाही.

आपल्या शासनाच्या योजनेतही हीच रेघ आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत वीज पडून, सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने शेतकरी दगावला तर त्याच्या घराला दोन लाख रुपये मिळतात, आणि ही चांगली योजना आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. त्याच शेतात, त्याच झाडाखाली, त्याच विजेने भूमिहीन मजूर गेला तर या योजनेत त्याला जागा नाही. थ्रेशरसारख्या धोकादायक यंत्रांसाठी १९८३ सालचा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि त्यातही भरपाईची तरतूद आहे, परंतु थ्रेशरमध्ये हात गेलेली माणसे मी आमच्या गावात पाहिली आहेत आणि त्या कायद्याचे नाव त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. नंदुरबारहून उसाच्या तोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट तर दोन राज्यांच्या मधे पडते.

नव्या संहितेत घरून कामावर जाताना आणि परत येताना झालेला अपघात काही अटींवर कामावरचाच मानला जाईल, अशी तरतूद आली आहे. किनगावच्या ट्रकसाठी हेच हवे होते, असे दादांना सांगितल्यावर ते प्रथमच गप्प झाले आणि मग म्हणाले की मालक कोण ते तरी आधी ठरव. त्यांचा हा प्रश्न बरोबर आहे. माझे उत्तर असे: केळी किंवा पपईची गाडी बांधावरून हलण्याआधी वजनाच्या पावतीसोबत भरणाऱ्या मजुरांच्या नावांची यादी असावी आणि माथाडीच्या धर्तीवर दर क्विंटलमागे लेव्ही कापली जावी. ज्या व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना आहे, त्याच्या परवान्यालाच ही अट जोडता येईल. मजुरांची परतीची सोय माल घेणाऱ्याने करावी. लेव्हीचा बोजा शेवटी भावात उतरेल आणि बागायतदाराला कमी मिळेल, असे दादा म्हणतात. उतरेल, हे खरे आहे. आमची केळी अजून उभी आहे, वडिलांनंतर धाकटा भाऊ ती पाहतो, आणि त्याच्या विक्रीच्या पट्टीतूनही ही रक्कम कापली गेली पाहिजे, असे मी त्याला सांगितले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.