हो, पण कुत्रा

"नवीन काहीतरी खेळूया का?" हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

गेली सहा वर्षं मी आमच्या छोट्या कंपूचा डीएम आहे. डीएम म्हणजे डन्जन मास्टर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांना सांगतो: तीन-चार माणसं टेबलाभोवती बसून शूरवीर असल्याचं सोंग करतात आणि आणखी एक माणूस उरलेलं सगळं जग होतो. राजा तोच, राक्षस तोच, भुयारातलं कोळिष्टकही तोच. तो म्हणतो, "तुमच्यासमोर दोन दारं आहेत." मग खेळाडू खिडकीतून जातात, आणि दोन्ही दारांमागे काय आहे हे लिहिण्यात गेलेला त्याचा रविवार वाया जातो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणला. आम्ही त्याचीच अलीकडची आवृत्ती खेळतो. वीसपैलू फासा टाकायचा, त्यात आपली बेरीज-वजाबाकी करायची, समोरचा आकडा गाठला की जमलं. इतकी वर्षं हेच केल्यावर तो फासा हाताचाच भाग होतो. फोन आला तरी मी तो उजव्या हातात घोळवत बोलतो.

नवीन काय खेळायचं यावर मी पुष्कळ वाचन केलं. 1977 सालच्या ट्रॅव्हलरमध्ये आपलं पात्र तयार करता करताच मरू शकतं, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच श्रद्धांजली. 1984 सालच्या पॅरानोइयात खेळाडूने नियम माहीत असल्याचं दाखवलं की तो राजद्रोह ठरतो. (त्या रात्री मी मुकाट्याने हाच गेम काढला असता तर माझ्या कंपूत एकही द्रोही सापडला नसता.) पण माझी नजर अडकली ब्लेड्स इन द डार्कवर. जॉन हार्परचा, 2017 चा. सूर्य फुटून गेलेला, कायम अंधार, विजेच्या कुंपणाआड दडलेलं डॉस्कव्हॉल नावाचं शहर, बाहेर भुतं आणि आत आपण: चोरांची एक भुरटी टोळी. मी पुस्तक उघडलं. तीनशेहून जास्त पानं. नव्या लग्नातल्या जावयाच्या उत्साहाने मी ती वाचून काढली आणि नव्या लग्नातल्या जावयासारखंच, जे सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

त्यात पुन्हा पुन्हा सांगितलेली एक गोष्ट होती: फार तयारी करू नका, काय होतं ते खेळता खेळता बघा. मी ते वाक्य अधोरेखित केलं आणि अकरा पानांची तयारी केली.

एका श्रीमंत सावकाराच्या वाड्यातून हिशेबाची वही चोरायची, एवढंच काम. पण वाड्याचे तीन मजले मी मोजपट्टीने आखले. मागच्या दारावरच्या पहारेकऱ्याला नाव दिलं, आजारी आई दिली, कर्ज दिलं, दुखरा गुडघाही दिला.

आता मंडळींची ओळख. माझी धाकटी बहीण. कॉलेजपासूनचा मित्र. ऑफिसातला एक सहकारी, जो सहा वर्षं मला अहो-जाहो करत माझे राक्षस मारतो आहे. आणि या वेळी पहिल्यांदाच मित्राची बायको, म्हणजे वहिनी. त्यांनी आयुष्यात असला कुठलाच खेळ खेळलेला नव्हता. "भाऊजी, मला काही येत नाही हं," त्या बसताना म्हणाल्या. मी मोठेपणाने म्हणालो, "काळजी करू नका, मी आहे ना."

सहकाऱ्याने वही आणि दोन रंगांची पेनं काढली. "वाड्याचा नकाशा मिळेल का? आधी प्लॅन करू."

"प्लॅन करायचा नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे गुपचूप शिरायचं, सोंग करून शिरायचं, की मारामारी करत शिरायचं, असा प्रकार निवडायचा, एक तपशील सांगायचा आणि थेट वाड्यात."

त्याने पेनाला टोपण लावलं. इतकं दुःखी टोपण मी पाहिलेलं नाही. आमच्या जुन्या खेळात हा माणूस एक दार उघडण्याआधी पाऊण तास चर्चा करायचा. मित्राचा घाव वेगळ्या जागी बसला. त्याला सामानाची यादी करायला फार आवडतं: पन्नास फूट दोर, दहा फुटी काठी, मशाली. इथे सामान आधी लिहायचंच नसतं. आज किती ओझं बाळगायचं तेवढं ठरवायचं, आणि ऐन वेळी "माझ्याकडे दोर आहे" म्हणायचं, की दोर असतो. "पण मी तो घेतलाच नाही," मित्र म्हणाला. मी म्हणालो, "घेतला होतास." तो बराच वेळ आपल्या रिकाम्या कागदाकडे बघत राहिला.

टोळी कुंपणाशी आली. पहारेकऱ्याची चाहूल लागली. मी ताठ बसलो, उजवा हात मुठीत वळला आणि सहा वर्षांच्या सवयीने गरजलो, "इनिशिएटिव्ह टाका!" म्हणजे कोणाची पाळी आधी, ते फाशाने ठरवा.

तिघांनी निमूटपणे वीसपैलू फासे टाकलेसुद्धा. बहिणीला 19 पडले, ती नाचली. वहिनींनी विचारलं, "हे कागदावर कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. या खेळात कोणी आधी-नंतर ठरवत नाही, जो बोलेल तो करेल. जीएम (गेम मास्टर, म्हणजे इथला डीएम) तर जवळजवळ फासेच टाकत नाही. हे मी वाचलं होतं, पिवळ्या रंगाने रंगवलंही होतं. पण वाचलेलं डोक्यात असतं आणि सवय मनगटात असते. मी वीसपैलू फासा खिशात टाकला. मग पुढचे तीन तास माझा हात अंगठी हरवल्यासारखा टेबलावर चाचपडत होता.

तरी पहिला तास झकास गेला. भिंत चढले: यश. खिडकी उघडली: यश. नोकराला चकवलं: यश. मला वाटलं, काय उदार खेळ आहे! मित्राने कुलपासाठी तीन साधे सहापैलू फासे टाकले. 2, 3 आणि 1.

"सहा!" मी जाहीर केलं. "पूर्ण यश!"

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "इथं लिहिलंय की सगळ्यांत मोठा आकडा बघायचा. बेरीज नाही."

टेबलावर शांतता पसरली. खरंच होतं. कितीही फासे टाका, त्यांतला सर्वांत मोठा घ्यायचा. 6 आला तर निखळ यश, 4 किंवा 5 आला तर "हो, पण", आणि 3 किंवा खाली आला तर पंचाईत. मी तासभर बेरीज करत बसलो होतो. त्या हिशेबाने टोळी तासाभरात शहराची राणी झाली असती. मोठा आकडा 3, म्हणजे कुलूप उघडलं नाही आणि वर आवाज झाला. आधीच्या चोऱ्यांचं काय, हा प्रश्न सहकाऱ्याने विचारला. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

खरा खेळ आता सुरू झाला आणि माझे हालही. दोन फासे टाकले तर 36 शक्यतांपैकी 11 वेळा निखळ यश मिळतं, 9 वेळा पंचाईत होते आणि तब्बल 16 वेळा "हो, पण". या "पण"च्या पुढे काय, ते जीएमने तिथल्या तिथे सुचवायचं. आमच्या जुन्या खेळात नेम चुकला की चुकला, पुढचा. इथे प्रत्येक वेळी नवा विघ्नसंतोष दाखवायचा. मी अकरा पानं लिहिली होती, पण त्यांत एकही "पण" नव्हता.

"हो, कुलूप उघडतं, पण..." मी छताकडे पाहिलं. "पण कुत्रा भुंकतो."

बरं वाटलं. चांगला होता कुत्रा. पुढच्या फाशावर 5. "हो, तुम्ही जिना चढता, पण... वर कुत्रा आहे."

"तोच?" बहिणीने विचारलं.

"दुसरा."

तिसऱ्या वेळी मी कसोशीने कुत्रा टाळला आणि बहिणीच्या हातातला कंदील पाडला. "कंदील खाली पडून फुटतो."

"नाही फुटत," बहीण म्हणाली.

"फुटतो."

"दादा, मी रेझिस्ट करते."

हाही नियम आहे. जीएमने सांगितलेलं संकट खेळाडूला अमान्य असेल तर तो प्रतिकार करतो. संकट टळतं किंवा निदान सौम्य होतं. फासे टाकायचे, 6 मधून सर्वांत मोठा आकडा वजा करायचा, उरेल तेवढा ताण सोसायचा. तिला 6 पडला. 6 उणे 6, शून्य. म्हणजे मी म्हणालो तसं घडलं नाही, आणि तिला त्याची काही किंमतही पडली नाही. आमच्या घरात हे तिच्या जन्मापासून असंच चालू आहे. आता फक्त त्याला छापील आधार मिळाला.

प्रत्येक फाशाआधी धोका किती, हेही मीच सांगायचं असतं: आटोक्यातला, जोखमीचा की जिवावरचा. लगेच घासाघीस सुरू. सहकारी म्हणे, "हे जोखमीचं कसं? मी बूट काढलेत." मित्राचं उलटंच. जिवावरच्या धोक्यात फासा टाकला की एक्सपी, म्हणजे पात्राची प्रगती करणारा अनुभवाचा गुण, मिळतो, हे कळल्यापासून तो मागेच लागला. "अरे, अजून वाईट कर ना. मी एका हाताने लटकतोय असं धर. डोळे मिटलेत असं धर." सहा वर्षं मी या माणसाला संकटात लोटण्यासाठी सापळे रचले. तो नुसता मागून घेईल हे कोणी सांगितलं असतं तर केवढे कागद वाचले असते.

शेवटी टोळी माझ्या लाडक्या पहारेकऱ्यासमोर आली. मी त्याचा आवाज काढला, गुडघा धरून उभा राहिलो. आजारी आईचा विषय आता काढणार, इतक्यात सहकारी म्हणाला, "फ्लॅशबॅक. दोन दिवसांपूर्वी मी याला भेटलो होतो. याचं कर्ज फेडलं."

प्लॅन करायला मनाई असलेला तो माणूस आता भूतकाळात जाऊन प्लॅन करत होता! थोडा ताण घेतला की हे चालतं. पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि बाजूला झाला. त्याच्या आईबद्दल कोणी विचारलंदेखील नाही.

मग मी घड्याळ काढलं. खरं नव्हे, कागदावरचं: वर्तुळ काढून त्याचे आठ भाग करायचे आणि वाड्यातली सावधगिरी वाढेल तसतसे रंगवायचे. माझं वर्तुळ बघून बहिणीने विचारलं, "दादा, हे घड्याळ आहे की वाड्याचा नकाशा?" पण त्याचा परिणाम झाला. पाच भाग रंगल्यावर चौघंही पुढे सरकून बसले आणि मलाही पहिल्यांदा जरा हुरूप आला.

या खेळात सैतानाचा सौदा नावाचा एक प्रकार आहे. एक जादा फासा हवा असेल तर एक हमखास भानगड पत्करायची, आणि ती भानगड टेबलावरचं कोणीही सुचवू शकतं. मला हायसं वाटलं, चला, आता इतरांनीही डोकं चालवावं.

"वहिनी, सुचवा काहीतरी."

त्यांनी नम्रपणे सुचवलं, "अजून एक कुत्रा?"

रात्र संपेपर्यंत वाड्यात पाच कुत्रे झाले. तीन माझ्या कल्पनादारिद्र्याचे आणि दोन सौद्यातले. वहिनींनी प्रत्येकाला नाव दिलं, त्यांच्याशी बोलायला फासे टाकले आणि दोनदा 6 पाडले. बाकीचे तिघं प्रत्येक वळणावर जुन्या खेळाची आठवण काढत अडखळत होते: हिट पॉइंट, म्हणजे जीव, किती उरले, माझी पाळी कधी, दाराला सापळा आहे का. वहिनींना विसरायला काहीच नव्हतं. त्या कागद वाचायच्या, हवं ते करायच्या आणि मला नियम सांगायच्या, तेही "चुकत असेन तर सांगा हं, भाऊजी" म्हणत.

आठवा भाग रंगला. शिट्ट्या, मशाली, धावपळ. खिडकीतून उडी, कालव्यात होडी, होडीत चार चोर आणि पाच कुत्रे. फासे नशीबवान पडले. टोळी अंधारात निसटली. टाळ्या झाल्या.

मी कागद गोळा करता करता विचारलं, "वही कोणाकडे आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. वही वरच्या मजल्यावर, सावकाराच्या टेबलावर, पान नऊ, मी काढलेल्या चौकोनात होती. तिथे कोणी गेलंच नव्हतं. सगळे कुत्रे आवरत होते.

मला माझा सूड समोर दिसला. खिशातला वीसपैलू फासाही जरा ऊबदार लागला. मी सावकाश म्हणालो, "म्हणजे ही चोरी—"

"फ्लॅशबॅक," सहकारी म्हणाला. त्याने आपला कागद मोजून पाहिला, ताणाची शेवटची दोन घरं रंगवली आणि पेनाला टोपण लावलं. "परवाच मी नोकराच्या वेषात आत जाऊन खरी वही आणली होती. टेबलावर आहे ती खोटी. खरी माझ्या घरी, गादीखाली."

मी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नाही म्हणायला जागा सापडेना.

"अरे, मग आज आपण सगळे तिथं गेलो कशाला?"

"कुत्र्यांसाठी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.