झाकण लावलं की बंद

आमची रो-हाउसं एकमेकांना चिकटलेली आहेत. मधे एकच भिंत. इकडे आमचं स्वयंपाकघर, तिकडे काकूंचं. सकाळी नळाचं पाणी खालच्या टाकीत येतं, मी पंपाचं बटण दाबतो आणि पेपरात डोकं घालतो. वीसेक मिनिटांनी गच्चीवरून धबधबा सुरू होतो. त्या वेळी काकू त्यांच्या गच्चीत तुळशीला पाणी घालत असतात. त्या कठड्याशी येऊन ओरडतात, "अहो, तुमची टाकी भरली!" आवाज असा की कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही दचकून प्लग काढतो.

अकरा वर्षं ही व्यवस्था बिनखर्चात चालू होती. गेल्या उन्हाळ्यात पाणीकपात आली आणि काकूंच्या वाक्याला शेपूट फुटलं. "अहो, तुमची टाकी भरली! इथे लोकांना प्यायला पाणी नाही!" अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. मी त्याच दिवशी ठरवलं, टाकी भरली की वाजणारा अलार्म बसवायचा.

"ऑनलाइन दोनशेच्या आत मिळतो बाबा," मुलगी म्हणाली.

पण नववीत असताना मी एका मासिकातली आकृती बघून स्वतःच्या हाताने रेडिओ केला होता. त्याला एकच स्टेशन लागायचं आणि तेही एरियल खिडकीच्या गजाला बांधल्यावर, पण लागायचं. अशा माणसाला तयार अलार्म घ्या म्हणणं म्हणजे आचाऱ्याला बाहेरून डबा लावायला सांगणं.

सर्किट खरंच सोपं. 555 नावाची आठ पायांची एक आयसी, म्हणजे चिप, असते. तिच्या चौथ्या पायाला व्होल्टेज मिळालं की ती स्पीकरमधून किंचाळते, नाहीतर गप्प बसते. टाकीत वरच्या कडेजवळ दोन तारा सोडायच्या. पाणी तारांना टेकलं की पाण्यातूनच थोडी वीज चौथ्या पायापर्यंत जाते. नऊ व्होल्टची बॅटरी, विजेला अडवणारे दोन-तीन रेझिस्टर, वीज साठवणारे दोन कपॅसिटर, संपलं. हान्स कॅमेनझिंड नावाच्या स्विस इंजिनिअरने ही आयसी 1971 मध्ये आखली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली आणि अजून खपते आहे. त्याने नखापेक्षा लहान तुकड्यावर दोन डझन ट्रान्झिस्टर बसवले. मला तो तुकडा एका डबीत बसवायचा होता, एवढंच.

पुण्यात असल्या खरेदीसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे माणसं दोन जातींची: हजार नग घेणारी आणि एक नग घेणारी. दुसऱ्या जातीला दुकानदार 'काका' म्हणतात.

"काका, रेझिस्टर दहाच्या खाली सुटत नाही."

"मला एकच हवाय."

"मग नऊ उरतील," तो सहज म्हणाला. आयसी मी चार घेतल्या. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं, त्याला बहुतेक कळलं असावं. "डॉट बोर्ड देऊ का? अर्ध्या तासात होईल," असंही त्याने विचारलं. डॉट बोर्ड म्हणजे आयती भोकं पाडलेला ठिपक्याठिपक्यांचा बोर्ड. मी नको म्हणालो. आयत्या भोकांवर काय मर्दुमकी! मी कोरा कॉपर क्लॅड, म्हणजे वर तांब्याचा पातळ थर असलेला बोर्ड मागितला, तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडची पुडी मागितली आणि 0.8 मिलिमीटरचा ड्रिल बिट मागितला. बिट तीन घ्या, तो म्हणाला. या वेळी मी ऐकलं.

घरी बोर्ड करायची रीत अशी. आकृती गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने छापायची, तो कागद तांब्यावर पालथा घालून वरून कडक इस्त्री फिरवायची. टोनर, म्हणजे प्रिंटरची काळी पूड, वितळून तांब्याला चिकटतो. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. गुळगुळीत कागद म्हणून मी दिवाळी अंकातलं दागिन्यांच्या जाहिरातीचं पान कापलं. झेरॉक्सवाल्या पोराने ते मशीनमध्ये घालायला साफ नकार दिला. शेवटी मशीन बिघडलं तर जबाबदारी माझी, असं तोंडी वचन घेऊन त्याने छापून दिलं, एका ठुशीच्या बरोब्बर मधोमध.

इथे एक चूक झाली. कागदावरचं चित्र तांब्यावर उलटं उमटणार हे मला कळत होतं, म्हणून मी हुशारीने ते आधीच उलटं करून छापून घेतलं. आकृती काढणाऱ्यानेही तीच हुशारी माझ्या आधी करून ठेवली होती, हे कळत नव्हतं. दोन उलट्यांची एक सुलट झाली आणि इथे सुलट म्हणजेच चूक.

ते पुढे उघडकीला आलं. तूर्त मी न्हाणीघरात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात फेरिक क्लोराइड कालवत होतो. रंग गुळाच्या काकवीसारखा, वास गंजलेल्या खिळ्यासारखा. धातूचं भांडं चालत नाही, कारण ते द्रव्य धातूच खातं. डबा गरम पाण्याच्या बादलीत धरून मी वीस मिनिटं बाळाला जोजवावं तसा हलवत बसलो. बोर्ड सुरेख निघाला. त्याखेरीज न्हाणीघरातल्या तीन फरश्या, एक बनियन आणि माझ्या उजव्या हाताची चार बोटं पिवळी निघाली. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, त्यात आता विरघळलेलं तांबं असतं. त्यामुळे ते एका बाटलीत भरून, वर 'विष' अशी चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवलं आहे. त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न मी मुलीसाठी वारसा म्हणून ठेवणार आहे.

भोकं पाडली. दोन बिट मोडले. मग आयसी बसवायला घेतली तर पहिल्या पायाच्या जागी आठवा पाय येतोय. पहिला पाय ऋण, आठवा धन. पाहुणा उंबरठ्याऐवजी मागच्या दारातून आत यावा तसा सगळा प्रकार. बाकीच्या दोन पायांच्या मंडळींना आरशातला बोर्डही चालतो, आठ पायांचीला चालत नाही. उपाय एकच, आयसी उताणी झोपवायची आणि तिचे आठही पाय उलट्या बाजूला वाकवायचे. पहिल्या तिघींचे पाय तुटले. चौथीचा फक्त एक तुटला, पाचवा. मी डोळे मिटून घेतले. मग माहितीपत्रक काढून वाचलं, तर आठांपैकी हा एकच पाय असा की माझ्या सर्किटात मोकळा सोडला तरी काम अडत नाही. आयुष्यात मला लॉटरी लागली ती अशी.

सोल्डरिंगचं, म्हणजे डाग देऊन सांधे जोडण्याचं, मी फार सांगत नाही. 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं असलेली तार 190 अंशांच्या आतच वितळते. माझं बोट त्याच्याही बऱ्याच आधी. बोर्ड तयार झाला, बॅटरी लावली, पेल्यातल्या पाण्यात तारा बुडवल्या आणि घरात असा चिरका आवाज घुमला की बायकोने कुकर बंद केला. 68 किलोओहमचा रेझिस्टर म्हणून मी 6.8 चा लावला होता. रेझिस्टरचं माप त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. निळा, करडा, नारंगी हवा होता, लावला निळा, करडा, लाल. ट्यूबलाइटखाली नारंगी आणि लाल यांच्यात फरक फक्त दुकानदाराला दिसतो. हजार हर्ट्झच्या जागी सहा हजारांचा सूर लागला होता. रेझिस्टर बदलला, सूर खाली आला. उताणी आयसी, तुटका पाय, सगळं असून सर्किट चालत होतं. मी बायकोला बोलावून तारा तीनदा पेल्यात बुडवून दाखवल्या.

"छान," ती म्हणाली. "आता हे कशात घालणार?"

खरं संकट इथून सुरू झालं.

शहाणा माणूस आधी डबी घेतो आणि डबीच्या मापाने बोर्ड करतो. मी आधी कळस केला होता, आता पाया शोधायला निघालो. मुलीची जुनी कंपासपेटी काढली. पत्र्याची. उघड्या बोर्डाला पत्र्यात ठेवणं म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण, म्हणून ती बाद. गोळ्यांचा डबा खोल होता पण अरुंद. मसाल्याच्या डब्याकडे मी फक्त पाहिलं, तेवढ्यात बायको मधे येऊन उभी राहिली. अखेर प्रवासातली साबणाची डबी सापडली. बरोब्बर प्लॅस्टिकची, झाकणाची, आणि तळाला पाणी निथळायला आयती भोकं! आयत्या भोकांबद्दलचं माझं मत आता बदललं होतं. तळाशी दोन इंची स्पीकर, भोकांतून आवाज बाहेर, स्पीकरच्या पाठीवर बोर्ड, शेजारी बॅटरी. कागदावर सगळं बसत होतं.

डबीत बसेना. लांबी-रुंदी मी मोजली होती, उंची मोजायची राहिली. मोठा कपॅसिटर झाकणाच्या वर दोन मिलिमीटर डोकं काढून बघत होता. तो उपटला आणि आडवा झोपवून परत डाग दिला. मग झाकण बसलं, पण बॅटरी बाहेर राहिली. बॅटरी उभीची आडवी केली. मग टाकीकडे जाणाऱ्या तारांसाठी भोक नाही हे लक्षात आलं. तापलेली सोल्डरिंग आयर्न डबीत खुपसून भोक पाडलं. खोली जळक्या साबणाच्या वासाने भरली. तारा भोकातून ओवायला गेलो तर त्यांची दोन्ही टोकं आधीच जोडलेली, एकीकडे बोर्ड, दुसरीकडे गच्चीवरच्या टाकीसाठी बांधून ठेवलेले स्टीलचे दोन चमचे. चमचे मुद्दाम स्टीलचे, कारण पाण्यात नुसत्या तांब्याच्या तारा या विजेने हिरव्या पडून झिजतात. हे एवढं शहाणपण असलेल्या माणसाला तार आधी भोकातून ओवावी हे सुचू नये? तारा तोडल्या, ओवल्या, जोडल्या. ओढल्यावर निसटू नयेत म्हणून आत गाठ मारायची असते, ती राहिली. पुन्हा तोडल्या, गाठ मारली, जोडल्या.

झाकण लावलं. चमचे पेल्यात बुडवले. शांतता.

झाकण काढलं. "पीऽऽऽ."

झाकण लावलं. शांतता.

त्यानंतरचे दोन रविवार मी एवढंच करत होतो. झाकण उघडं असलं की सर्किट गाणं म्हणायचं, लावलं की मौन. पाहुण्यांसमोर मूल पाठ केलेली कविता विसरतं तसं. बॅटरी बदलली, सांधे पुन्हा तापवले, झाकण अर्धवट लावून पाहिलं. अर्धवट लावलं की ते अर्धवट वाजायचं. मुलीने फोनवर मैत्रिणीला सांगितलं, "बाबा साबणाच्या डबीशी भांडतायत."

शेवटी उत्तर बायकोने शोधलं, तेही पोळ्या लाटता लाटता. तिने लाटण्याच्या टोकाने उघड्या बोर्डावर हलकेच दाबलं. आवाज बंद. सोडलं, आवाज सुरू. "खाली काय आहे याच्या?" तिने विचारलं. खाली स्पीकर होता आणि स्पीकरच्या पाठीला लोखंडी चकती. झाकण लागलं की बोर्ड दाबला जायचा आणि त्याच्या खालच्या बाजूचे सांधे त्या चकतीला टेकायचे. कंपासपेटी पत्र्याची म्हणून नाकारणाऱ्या मी पत्रा स्वतःच आत घालून ठेवला होता.

बोर्ड आणि स्पीकरच्या मधे घालायला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा हवा होता. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण गोल कापलं. तुकडा बसला, आवाज खणखणीत आला, पण त्या तुकड्याच्या जाडीमुळे डबीचं झाकण आता लागेना. यापुढे मोजमाप करायची माझ्यात ताकद उरली नव्हती. दोन रबरबँड आडवे, एक उभा.

रविवारी सकाळी चमचे टाकीत सोडले, तार पाइपाच्या कडेने खाली आणली आणि डबी स्वयंपाकघरात दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावली. झाकणाकडे रबरबँड, त्यामुळे अर्थातच तळाची सपाट बाजू भिंतीला. पंप सुरू केला. पेपर घेऊन मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसलो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. डबी गप्प. मी कान लावला, तर अगदी खोल कुठेतरी डास गुणगुणल्यासारखं काहीतरी. तळाची भोकं भिंतीला घट्ट चिकटलेली. सगळा आवाज भिंतीत चालला होता.

भिंतीपलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा, मग जिन्यावर पावलं आणि मग कठड्यावरून हाक.

"अहो, आमच्या भिंतीत काहीतरी वाजतंय! आणि तुमची टाकी भरली!"