सीआरपी नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं नव्हे

बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पाळीच्या दिवसांत पोट फार दुखवणारा आजार, आहे की नाही, ते एका रक्ततपासणीत कळतं म्हणे. सीआरपी आणि आयएल-६ हे दाह दाखवणारे रक्तातले घटक नॉर्मल असतील तर आजार नाहीच, दुखणं मनाचं. सीए-१२५ हा रक्तातला आणखी एक घटक पस्तीसच्या वर गेला तर कॅन्सर. मूळ कारण कमजोर इम्युनिटी आणि अशुद्ध रक्त, त्यावर काढा. खाली पॅकेजचा दर आणि घरून सॅम्पल नेणाऱ्याचा नंबर.

भांडुपच्या माझ्या भाचीने हे पॅकेज घेतलं. सीआरपी नॉर्मल आला. सासूबाईंनी लगेच ऐकवलं, "बघ, रिपोर्टमध्ये तर काहीच नाही." पाळीच्या दिवसांत ही मुलगी लेडीज डब्यात दाराजवळ पोट धरून खालीच बसते, ते त्या रिपोर्टमध्ये कुठून येणार?

मी लॅबमध्येच काम करते, त्यामुळे हा मुद्दा सोडवत नाही. सीआरपी यकृतात तयार होतो. दाढ सुजली, व्हायरल ताप आला, वजन जास्त असलं तरी तो वाढतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर रुजतात. तिथे दाह होतो, आयएल-६ सारखी रसायनं त्या भागातल्या द्रवात साठतात. हाताच्या शिरेतल्या रक्तात ती वाढलेली दिसतीलच असं नाही. चाळीतल्या आतल्या खोलीत भांडण पेटलं तरी नाक्यावर शांतताच असते, तसं.

आता मेसेजमध्ये जे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. या आजाराच्या बायकांच्या गटात काही दाहदर्शक घटकांची सरासरी जास्त निघाली आहे. पण सरासरी गटाची असते, रिपोर्ट एकीचा. आजार असलेल्या आणि नसलेल्या बायकांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की मधे रेघ मारता येत नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१६च्या आढाव्यात १४१ अभ्यास आणि रक्तातले १२२ घटक तपासले होते. निदानासाठी भरवशाचा एकही ठरला नाही. तिथे जे जमलं नाही ते या पॅकेजवाल्यांना जमलं?

सीए-१२५ची भीती तर निव्वळ छळ आहे. भाचीचा ५२ आला आणि घरात रडारड. पाळी चालू असताना, फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात, पोटाच्या टीबीतही तो वाढतो. खुद्द एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतो! सॅम्पल नेणाऱ्याने पाळीची तारीखसुद्धा विचारली नव्हती. वाढलेला आकडा डॉक्टरांना दाखवायचाच, पण त्यावरून कॅन्सर ठरवायचा नसतो.

इम्युनिटी कमजोर, हेही धड नाही. नको तिथे रुजलेल्या पेशी साफ करण्यात एनके नावाच्या प्रतिकारपेशी कमी पडतात, तर मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशी दाह वाढवत राहतात. बूस्टर नक्की कोणाला देणार? काढा आवडत असेल तर प्या. रक्त गाळायला किडन्या आहेत.

पैसे घालायचेच तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणं पाळीच्या कोणत्या दिवशी येतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का, हे लाजू नका, सांगा. मग अनुभवी हाताची योनीमार्गातून सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते, पण आवरणावरचे बारीक ठिपके निसटू शकतात. तेव्हा तोही रिपोर्ट "नॉर्मल" आला आणि दुखणं चालूच राहिलं, तर पुन्हा जायचं. लागेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे.