कलम पाठ आहे, पण खोली कोणाची?

लॉ सीईटीचा निकाल लागला की एक मेसेज दरवर्षी न चुकता फिरतो. यंदा तो मला आमच्या चाळीच्या ग्रुपवर आला, पुतण्याने पाठवला आणि कहर म्हणजे वकिलांच्या ग्रुपवरही आला. मतलब असा: लॉ कॉलेजात 'कायदा आणि समाज', समाजशास्त्र, इतिहास शिकवणं म्हणजे पोरांची वर्षं फुकट घालवणं. कायदा कलमांत असतो. तो सगळ्यांना सारखा, मग समाजाचा संबंध येतोच कुठे? हे परदेशी विद्यापीठांचं खूळ आहे, कोर्टात त्याचा उपयोग शून्य. तेव्हा कलमं पाठ करा, कधी उपाशी राहणार नाही. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मालक-भाडेकरूंचे दावे चालवतो. त्यामुळे 'कायदा कलमांत असतो' हा मुद्दा थेट माझ्या पोटापाण्याचा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पागडी, म्हणजे खोलीचा ताबा देताना भाड्यावेगळी उचललेली रक्कम, घेणं हा गुन्हा होता. कलम स्वच्छ होतं, शिक्षाही लिहिलेली होती. आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरगावापासून लालबागपर्यंत निम्मं शहर पागडीवर हात बदलत होतं. पैसे रोखीत, पावती नव्या नावावर, मालकाचा वाटा मालकाला. कलम पाठ असलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं की मुंबईत पागडी चालत नाही! शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५६ आलं आणि गुन्हा होता तो रीतसर व्यवहार झाला.

त्याहून गमतीची गोष्ट प्रमाण भाड्याची, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल त्या कमाल भाड्याची. जुन्या कायद्याने ते १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून ठेवलं होतं. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात, माणसं लोंढ्याने शहरात येत असताना, ते गरजेचंच होतं. पण मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. खोलीचं महिन्याचं भाडं दोन वडापावांच्या किमतीवर आलं, मालकांनी डागडुजी सोडली, आणि जिन्यांना टेकू लागले. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की या तरतुदी केल्या तेव्हा वाजवी होत्या, पण काळ बदलल्यामुळे आता त्या मनमानी ठरतात. कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत, इतकंच. आता मेसेजवाल्यांनी सांगावं, बदललं काय होतं? कलमाचा मजकूर तोच होता. त्याच्याभोवतीचं शहर बदललं होतं. ते शहर न वाचता हा निकाल समजावून दाखवावा कोणी.

आणि 'कुटुंब' घ्या. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळतो, कलम ७(१५)(ड). सोपं वाटतं ना? माझ्याकडे परळच्या चाळीतला एक दावा होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). म्हातारा गिरणी कामगार, बायको जन्मभर संगमेश्वरजवळच्या गावी, भात आणि गुरं सांभाळणारी. खोलीत राहिला तो भाचा, वीसेक वर्षं. त्याने मामाचं जेवण केलं, दवाखाना केला, शेवटी खांदाही दिला. मालकाचं म्हणणं, हा उपरा आहे. अशिलाने माझ्या टेबलावर बिस्किटाचा गंजका डबा उपडा केला. त्यातून रॉकेलच्या पावत्या निघाल्या, रेशनकार्ड निघालं, गावकीच्या वर्गणीची वही निघाली. त्या वहीत मामा-भाचे एकाच ओळीत, एकच वर्गणी. म्हणजे गावाच्या लेखी ते एक घर होतं. गिरणगावात संसार असाच असायचा, बाई कोकणात आणि पुरुष दहा बाय बाराच्या खोलीत नातेवाइकांबरोबर. ही वही पुरावा म्हणून मांडायची असते हे मला कलमाने शिकवलं नाही. मुंबईच्या स्थलांतरावर एका बाईंनी घेतलेले चार तास डोक्यात राहिले होते, त्यांनी शिकवलं. दाव्यात पुढे तडजोड झाली, भाचा खोलीत राहिला.

'कायदा सगळ्यांना सारखा.' कागदावर, हो. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ठरवलं की एका भागातल्या एका उद्योगात कामगारांच्या वतीने बोलणार ती एकच प्रातिनिधिक युनियन. कापड गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि ज्याला त्यांनी पुढारी मानलं त्याला वाटाघाटीच्या टेबलावर कायद्याने खुर्चीच नव्हती. कलमात कुणाशी भेदभाव नव्हता. फक्त एका बाजूची लाखो माणसं त्या कलमात मावत नव्हती.

किंवा १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा बघा. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही, आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय वा थांबलाय की हा भिकेवर जगत असावा असं वाटतं, तर तो माणूस भिकारी ठरू शकतो. हात पसरलाच पाहिजे असं नाही. आता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दुपारी दोन वाजता बसलेला बेकार पदवीधर आणि त्याच्याशेजारी मळक्या शर्टातला नाका कामगार, नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणारा. दोघांच्याही खिशात पैसे नाहीत. पोलिसांची गाडी थांबली तर कोणापाशी थांबेल, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. कलमाला ठाऊक नाही.

परदेशी खुळाबद्दल फार लिहायची इच्छा नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, देशातला पहिला. हो, तो सुरू करणारे पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडचे होते. पण ज्या दंडसंहितेची कलमं तुम्ही पाठ करत होतात, तिचा मसुदा करणारा मेकॉले तरी कुठे साताऱ्याचा होता? बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध १९१६ मध्ये वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात, आणि १९३५ मध्ये ते इथल्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांना ही विद्या कायद्याच्या आड आल्याचं ऐकिवात नाही.

खरं परदेशी काय ते सांगतो. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा टाकला, की लहानपणी लग्न झालेली बायको रखमाबाई हिने नांदायला यावं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये प्रकरण पैसे देऊन मिटलं आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. या सगळ्यात धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही की नांदायला लावण्याचा हा दावाच मुळी इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ म्हणून तो अजून आहे, आणि आपण तो आपली परंपरा समजतो.

उपयोग शून्य? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. रात्री पोलीस ठाण्यात गरीब मुलगी गप्प राहिली म्हणजे तिने संमती दिली असं होत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते पत्र, मग देशभरची आंदोलनं, आणि १९८३ मध्ये कायदाच बदलला. आज फौजदारी वकील कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमतीबाबतचं जे गृहीतक वापरतात, ते तिथून आलं.

एका मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. हे विषय बहुतेक ठिकाणी वाईट शिकवले जातात. मी शिकलो त्या कॉलेजात समाजशास्त्राचे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून 'समाज म्हणजे काय' याच्या सहा व्याख्या उतरवून द्यायचे. खिडकीतून समोर फेरीवाल्यांवर पालिकेची गाडी आलेली दिसायची, हातगाड्या पळायच्या, आणि आम्ही चौथी व्याख्या लिहीत असायचो. ड्राफ्टिंगही, म्हणजे दावे-अर्ज लिहिणंही, कच्चं राहतं, मान्य. त्यावर उपाय म्हणून सरांना खिडकीकडे वळवा. खिडकीच बंद करायची ही कुठली तऱ्हा?

राहिलं पाठांतर. १ जुलै २०२४ ला जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८. पस्तीस वर्षं कलमं तोंडपाठ असलेले आमचे एक सिनियर त्या आठवड्यात खिशात जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्याची झेरॉक्स घेऊन फिरत होते. परवा कॅन्टीनमध्ये चहावाल्याने त्यांना सुट्ट्या पैशांवरून कोणाची तरी तक्रार सांगितली, "साहेब, एक नंबरचा चारसोबीस आहे तो." सिनियरनी सवयीने तक्ता काढला, चहावाल्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.