परवाना टेक्सासने सोडला, केंद्राने नाही

‘टेक्सासमध्ये आता लायसन्स लागत नाही. व्हिसावर असलात तरी पिस्तूल शर्टाखाली लपवून शाळा, कोर्ट, सरकारी ऑफिस, कुठेही न्या.’ हा मेसेज डॅलसच्या भाच्यापर्यंत पोचला. तो एच-वन-बीवर आहे, म्हणून सुरुवात व्हिसापासूनच.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं, टायटल १८चं, कलम ९२२ उघडा. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूकच काय, गोळ्यासुद्धा बाळगता येत नाहीत. घरच्या कपाटातही नाही. ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला तरी तुम्ही व्हिसावरच असता. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, वर हद्दपारी. अमेरिकेतला शिकारीचा चालू परवाना असेल तर अपवाद मिळतो. ही बंदी गाळून लोकांना ‘बिनधास्त न्या’ सांगणं म्हणजे त्यांना थेट तुरुंगात ढकलणं आहे.

‘लायसन्स लागत नाही’ हे अर्धंच खरं. १ सप्टेंबर २०२१ पासून राज्याने सक्ती काढली, हे कबूल. पण त्याच कलम ९२२नुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, अगदी सार्वजनिक रस्त्यावरही, पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट आहे. परवाना नसेल तर पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत ठेवायला हवं. शहरात एकही शाळा न लागता गाडी कुठवर चालवणार? म्हणून जाणकार आजही वर्ग करून, नेमबाजीची परीक्षा देऊन परवाना काढतात.

शाळा आणि कोर्ट? राज्याच्याच दंडसंहितेचं कलम ४६.०३ पाहा. शाळेची इमारत, स्कूलबस, कोर्ट, मतदान केंद्र इथे मनाई आहे. सरकारी विद्यापीठात २०१६ पासून लपवून नेता येतं, पण फक्त परवानाधारकाला, आणि तिथेही विद्यापीठ काही जागा वगळू शकतं.

सिटी हॉल किंवा सरकारी वाचनालयात परवानाधारकाला नुसती पाटी लावून अडवता येत नाही, एवढं मान्य करावं लागतं. पण रीतसर सूचना देऊन भरवलेली खुली बैठक ज्या खोलीत चालू आहे, तिथे बंदीच. सोशल सिक्युरिटी आणि इमिग्रेशनची ऑफिसं तर केंद्राची. तिथे टेक्सासचा परवाना दाखवून उपयोग नाही. पिस्तूल आत नेलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि व्हिसावरच्या माणसाला बोटांचे ठसे द्यायला नेमकं याच इमिग्रेशन ऑफिसात जावं लागतं.