पहिल्या हिवाळ्यातला असेल

आमच्या घरी कालनिर्णय दोघं बघतात. बायको संकष्टी बघते, मी भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे अलिबागकडे शेंबडं पोरही सांगेल. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट, सहा. म्हणजे उजाडेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं, पक्षी जवळ, आणि आक्षीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूत मी. गळ्यात दुर्बीण, पोटात चहासुद्धा नाही.

"चाललात का पांढरे कावळे मोजायला?" पांघरुणातून आवाज येतो.

पांढरे कावळे परवडले असते हो. कावळा निदान बारा महिने कावळ्यासारखा दिसतो. कुरवांचं, म्हणजे सीगल्सचं, तसं नाही. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव, ऐकायला किती सोपं! पण आपल्याकडे थंडीत येतात तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी. डोळ्यामागे तीट लावल्यासारखा एक काळा ठिपका, बस्स. मार्च-एप्रिलात डोक्याला रंग चढतो आणि रंग चढला की स्वारी उत्तरेकडे निघते. कहर म्हणजे काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं तेव्हाही काळं नसतं, चॉकलेटी असतं. ही नावं ज्याने ठेवली त्याला मी रोज नावं ठेवतो.

"डोळा बघा," पक्षी बघणाऱ्यांतले आमचे जाणते अण्णा सांगतात. "तपकिरी डोक्याच्याचा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद." पक्षी 200 मीटरवर, खाऱ्या वाऱ्याने माझा चष्मा धुरकटलेला, आणि मी त्याचं बुबुळ तपासणार! इथे शेजारच्यांच्या डोळ्यांचा रंग मला वीस वर्षांत सांगता आलेला नाही. तपकिरी डोक्याच्याच्या पिल्लाचा डोळाही गडदच असतो, हे अण्णा सगळ्यात शेवटी सांगतात. मी उत्तर देऊन बसल्यावर.

डोळाच बघायचा तर गेटवे-मांडवा लाँचवर बघावा. वेफर्स उडवणाऱ्या पर्यटकांच्या हाताशी कुरव येतात. पण अण्णांना ते मंजूर नाही. वेफर्स खाणारा पक्षी ते धरतच नाहीत.

मोठ्या कुरवांबद्दल न बोललेलं बरं. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा पिसारा यायला त्यांना चार वर्षं लागतात आणि तोवर दर वर्षी रूप निराळं. आणि वाळूवर तुरुतुरु पळणारा तो छोटा सँड प्लोव्हर! मोठ्या सँड प्लोव्हरपासून तो वेगळा काढायला मला तीन हिवाळे लागले. मोठ्याची चोच लांब, पाय लांब. पण लांब म्हणजे कुणापेक्षा, तर शेजारी दुसरा उभा असेल त्याच्यापेक्षा, आणि दुसरा कधीच उभा नसतो. तेवढं जमलं, तर तज्ज्ञांनी छोट्याचेच दोन केले. एक सैबेरियन, एक तिबेटी. आमच्या भाऊबंदकीतल्या वाटण्यासुद्धा जमीन बघून झाल्या होत्या.

शेवटी मी एक वाक्य पाठ केलं. कुणी काही विचारलं की दुर्बीण डोळ्याला तशीच ठेवायची, दोन श्वास थांबायचं आणि म्हणायचं, "पहिल्या हिवाळ्यातला असेल." म्हणजे यंदाचंच पिल्लू, मोठ्यांचं रूप अजून न आलेलं. हे वाक्य सहसा खोटं पडत नाही, आणि पडेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

यंदा एक कॉलेजची मुलगी यायला लागली. हुशार, आणि हातात वही. "काका, हा कोणता?" मी वाक्य टाकलं. तिने मान डोलावून लिहून घेतलं. असे चार रविवार मोठ्या मानाचे गेले.

पाचव्या रविवारी तिने वही अण्णांपुढे धरली. "काका हे फार वेळा म्हणतात. बरोबर आहे का?" पान आखलेलं होतं. माझ्या नावाखाली 9 रेघा. त्यातली एक टिटवीसाठी! टिटवी, जी आमच्या परसामागे बारा महिने बोंबलते.

मी वाळूत कुठे शिरता येईल ते बघत होतो. तेवढ्यात शेजारचा रकाना दिसला. वर अण्णांचं नाव, खाली 11 रेघा.

अण्णा दुर्बीण लावून समुद्राकडे बघत होते. समुद्रावर काहीही नव्हतं.