माल कुणाचा? ते नंतर बघू!

खर्चीवाल्याच्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याच्या, मागाला लागणारं सूत खर्चीवाल्याचं नसतं, हे यंत्रमागाच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोर्टाची जप्ती करणाऱ्या बेलिफसाहेबांना मात्र नाही! कोर्टाचा हुकूमनामा खर्चीवाल्यावर, थकबाकी त्याची, आणि परवा टेम्पोत भरून नेली ती व्यापाऱ्याची बाचकी, म्हणजे सुताची पोती. प्रत्येक बाचक्यावर व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. भिंतीच्या खिळ्याला डिलिव्हरी चलनं अडकवलेली, त्यावर 'जॉबवर्कसाठी' असं ठळक लिहिलेलं. कामगार घसा फोडून सांगतोय, "साहेब, हा माल शेठचा आहे." उत्तर काय? "कोर्टात सांगा."

आणि तो पंचनामा! 'सुताची पोती अंदाजे 22 नग.' अरे, 22 पोती अंदाजे कशी असतात? मोजता येत नव्हती? काउंट (सुताच्या जाडी-बारकीचा नंबर) नाही, गिरणीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, एका बाचक्याचं वजन नाही. 40 नंबरचं सूत की 60 चं हे न लिहिता किंमत कुठल्या आधारावर लावली? उद्या नाझरच्या, म्हणजे जप्त माल ठेवणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या, खोलीतून 20 नंबरचं निघालं तर कुणाची मान धरायची? चिठ्ठ्या आणि चलनांचा उल्लेख तर शोधूनही सापडत नाही. खाली सह्या नेहमीच्या दोन पंचांच्या, जे चहाला बोलावलं तरी सही करून जातील. 'अंदाजे' आणि 'वगैरे' हे दोन शब्द पंचनाम्यातून हद्दपार केले पाहिजेत.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 स्वच्छ सांगतं: जप्ती ऋणकोच्या मालकीच्या, किंवा ज्याची तो स्वतःच्या फायद्यासाठी विल्हेवाट लावू शकतो अशाच मालाची. मजुरीवर विणायला आलेलं सूत यात कुठे बसतं? पण बेलिफ चालतो दरखास्तदाराच्या, म्हणजे वसुली मागणाऱ्या धनकोच्या, बोटावर. गॅरेजात दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकाची मोटारसायकल उचलणारे हेच. त्याच कलमाने सोडलेली स्वयंपाकाची भांडी यादीत सर्वांत वर लिहिणारेही हेच.

भरपाईचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. बेलिफाच्या पाठीशी 1850 चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा: वॉरंट बजावला एवढ्यावरून त्याच्यावर दावा चालत नाही. पण वॉरंट ऋणकोच्या मालापुरता असतो ना? शिवाय त्याच संहितेच्या ऑर्डर 21 रूल 43 खाली जप्त माल नीट सांभाळायची जबाबदारी त्याचीच. सूत ओल्या फरशीवर टाकून बुरशी आणायला कुठला वॉरंट सांगतो? आणि बोट दाखवणारा दरखास्तदार तर अजिबात सुटत नाही. 1889 मध्येच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, किस्सोरीमोहन रॉय विरुद्ध हरसुखदास खटल्यात सांगून ठेवलंय, की इंग्लंडात शेरीफ आपल्या जबाबदारीवर जप्ती करतो, परक्याचा माल उचलला तर तो अडकतो. आपल्याकडे धनको माल नेमून देऊन जप्ती मागतो, म्हणून झळ त्याला. हे दरखास्तदाराला कुणी सांगत नाही. त्याचा वकील तर नाहीच नाही.

(रूलचे नंबर तोंडपाठ असलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसत नाही, याची कल्पना आहे. नका बसू.)

खरी चीड घड्याळाची. जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालाच्या लिलावाचा जाहीरनामा कोर्टाच्या फळ्यावर लागल्यापासून किमान 7 दिवसांनी लिलाव होऊ शकतो. तेवढ्यात तिऱ्हाइताने ऑर्डर 21 च्याच रूल 58 ची 'माल माझा आहे' ही हरकत घ्यायची. लिलाव आधी उरकला तर ती हरकत कोर्ट ऐकूनच घेत नाही. बसा नवा दावा लावत. रूल 78 म्हणतो, अनियमितपणामुळे जंगम मालाची विक्री रद्द होत नाही, नुकसान झालं त्याने भरपाई मागावी. मागावी, पण कधी? बेकायदा जप्तीच्या भरपाईला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 80 प्रमाणे जप्तीपासून एकच वर्ष. सरकारी नोकराला ओढायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. व्यापारी मात्र तीन वर्षं आहेत समजून निवांत.

आणि काही वकील नुसती हरकत टाकून घरी जातात! अरे, रूल 59 चा लिलाव थांबवण्याचा अर्ज त्याच दिवशी सोबत लावा. चलनं, खरेदीची बिलं, ई-वे बिलं, बाचक्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो जोडा. स्थगिती मिळाली की सही-शिक्क्याची प्रत नाझरच्या हातात ठेवून पोच घ्या. 'ऑनलाइन दिसेलच त्यांना' म्हणणाऱ्याला आधी नाझरचा कॉम्प्युटर सुरू करून दाखवायला सांगा.